न संपणारा हाका : अरण्य, यंत्र आणि कान यांचा एक इतिहास

शिकारीच्या काळात ‘हाका’ हा शब्द मराठी मुलखात सर्वांच्या परिचयाचा होता. ढोल, ताशे, पत्र्याचे डबे वाजवीत आणि आरोळ्या ठोकीत माणसांची रांग रानात शिरे. त्या माणसांना हाकारे म्हणत. रानाच्या दुसऱ्या टोकाला मचाणावर बंदूकवाला बसलेला असे. हाकाऱ्यांच्या हाती शस्त्र असण्याची गरज नव्हती. आवाज करणे एवढेच त्यांचे काम होते आणि तेवढ्याने रान उठत असे. सांबर, डुक्कर, बिबळ्या, वाघ, सगळे त्या आवाजापासून दूर पळत आणि नेमके बंदुकीच्या तोंडाशी येत. म्हणजे आवाजाने अरण्य रिकामे करता येते, हे ज्ञान आपल्या समाजाला नवीन नाही. ते शिकाऱ्याला होते, जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्या राखणदारालाही होते.

हाका दोन-चार तासांत संपे. आजच्या अरण्यात जो यंत्राचा आवाज शिरलेला आहे तो मात्र थांबत नाही. महामार्गावरचे ट्रक, खाणीतील यंत्रे, लाकूडतोडीचे करवत, वायुवाहिनीवरचे कॉम्प्रेसर यांपैकी कोणाचाही हेतू प्राण्यांना हाकण्याचा नसतो. परिणाम मात्र हाक्याचाच होतो. येथे साहजिकच एक प्रश्न पडतो. जी गोष्ट खेड्यातील हाकाऱ्याला ठाऊक होती ती मोजून सिद्ध करण्यासाठी शास्त्राला एकविसावे शतक का उजाडावे लागले? आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत, ध्वनिशास्त्राचे नव्हे. तरीही या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग साहित्याच्या इतिहासात आहे असे आम्हांला वाटते, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

१

अरण्यातील यंत्रध्वनीची साहित्यातील नोंद शोधू लागल्यास आपण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड या लहानशा गावी पोहोचतो. १८४४ साली फिचबर्ग रेल्वे या गावापर्यंत आली. त्याच वर्षीच्या २७ जुलै रोजी कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न गावाजवळच्या ‘स्लीपी हॉलो’ नामक रानात बसून आपल्या वहीत आसपासचे बारीकसारीक आवाज टिपत होता. त्या टिपणात मध्येच आगगाडीची शिट्टी शिरते आणि त्याच्या मनाची तंद्री भंगते. पुढे १९६४ साली लिओ मार्क्स या समीक्षकाने ‘द मशीन इन द गार्डन’ या आपल्या ग्रंथाची उभारणी या छोट्या नोंदीपासून केली. निसर्गाच्या निवांत चित्रात यंत्राने अचानक प्रवेश करणे हा अमेरिकन साहित्यातील एक मूलभूत प्रसंग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ अपरिचित नाही.

हॉथॉर्नच्या नोंदीला वर्ष होण्यापूर्वीच, ४ जुलै १८४५ रोजी, हेन्री डेव्हिड थोरो त्याच परिसरातील वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला. रूळ तळ्याच्या अगदी कडेने जात होते. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’मध्ये एक संपूर्ण प्रकरण आवाजांना दिलेले आहे आणि त्यातील बराच भाग आगगाडीने व्यापला आहे. थोरोची भूमिका हॉथॉर्नपेक्षा गुंतागुंतीची आहे. त्याला गाडीचे आकर्षणही आहे आणि तिचा जाचही आहे. रानातून घुमत जाणाऱ्या शिट्टीला तो ससाण्याच्या किंकाळीची उपमा देतो. उपमा म्हणून ती उत्तमच आहे. परंतु आमच्या प्रश्नाची मेख नेमकी या उपमेत आहे असे आम्हांला वाटते.

शिट्टी ससाण्यासारखी वाटली ती कोणाला? थोरोच्या कानाला. त्या वेळी रानातल्या इतर कानांना काय ऐकू आले, किंवा काय ऐकू आले नाही, हा प्रश्न त्या प्रकरणात येत नाही. आगगाडी आली तेव्हा झुडपातल्या लहान पाखराला खराच ससाणा ऐकू आला असता का? शेजारच्या पक्ष्याने दिलेला इशारा त्याच्यापर्यंत पोहोचला असता का? थोरोसारख्या सूक्ष्म निरीक्षकालाही हे विचारावेसे वाटले नाही, यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. यंत्राचा आवाज म्हणजे माणसाच्या चिंतनात आलेला व्यत्यय, असा अर्थ त्या काळात रुजला आणि तो पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. आवाज हे आधुनिकतेचे प्रतीक झाले. एकदा एखादी गोष्ट प्रतीक झाली की तिचा प्रत्यक्ष मार कोणाला बसतो आहे हे पाहण्याची निकड उरत नाही.

आपल्याकडेही चित्र फार वेगळे नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि दहा वर्षांनी, १८६३ साली, बोरघाटाची चढण खुली झाली. सुरुंगांनी कातळ फोडून, वीसहून अधिक बोगदे काढून हा मार्ग सह्याद्रीच्या रानातून नेला होता. या कामाचे वर्णन स्थापत्याचा पराक्रम म्हणून केले जाते, आणि अलीकडे ज्या मजुरांनी तेथे प्राण वेचले त्यांचे स्मरणही होते. पण त्या सुरुंगांचा आवाज घाटातल्या शेकरूंनी आणि भेकरांनी कसा सोसला असेल, ही पृच्छा इतिहासात आढळत नाही.

२

शास्त्राला उशीर होण्याचे दुसरे कारण पद्धतीचे आहे. यंत्र अरण्यात एकटे येत नाही. त्याच्याबरोबर रस्ता येतो, झाडे पडतात, दिवे येतात, माणसे येतात, चाकांखाली प्राणी मरतात. पाखरे निघून गेली तर त्याला आवाज कारण की हे इतर सारे?

ध्वनिमुद्रक बर्नी क्रॉस यांचा अनुभव हा पेच स्पष्ट करतो. कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतात ‘लिंकन मेडो’ नावाचे एक कुरण आहे. तेथे निवडक झाडेच तोडण्याची योजना होती आणि निसर्गाला धक्का लागणार नाही असे आश्वासन देण्यात आले होते. क्रॉस यांनी १९८८ साली, तोडीपूर्वी, तेथील पहाट ध्वनिमुद्रित केली. वर्षभराने त्याच ऋतूत, त्याच जागी पुन्हा केली. डोळ्यांना कुरण जवळजवळ पूर्वीसारखेच दिसत होते. कानांना मात्र दुसऱ्या मुद्रणात पक्ष्यांची ती दाटी ऐकू आली नाही. तुरळक आवाज तेवढे उरले होते. छायाचित्राने जे लपवले ते ध्वनिमुद्रणाने उघड केले. तथापि येथे पक्षी गेले ते तोडीमुळे. आवाज हा या कथेत साक्षीदार आहे, आरोपी नव्हे.

आरोपी म्हणून त्याची चौकशी प्रथम नेदरलँड्समध्ये गांभीर्याने झाली. राइनन आणि फॉपन या संशोधकांनी १९९० च्या दशकात महामार्गांलगतच्या वनांतील पक्षी मोजले. त्यांनी तपासलेल्या ४३ जातींपैकी २६ जातींची संख्या रस्त्याजवळ घटलेली आढळली. त्यांचा संशय आवाजावर होता. पण वाहनांचे दिसणे, धूर, अपघात हे सारे त्याच रस्त्यावर होते.

हे गाठोडे सोडवण्याची युक्ती कॅनडातील अल्बर्टा प्रांतात सापडली. तेथील उत्तरेकडच्या अरण्यात तेल आणि वायू उद्योगाने झाडी काढून मोकळ्या केलेल्या असंख्य जागा आहेत. त्यांपैकी काहींवर नुसत्या विहिरी आहेत, आवाज नाही. काहींवर वायू पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर रात्रंदिवस घरघरत असतात. रान दोन्हीकडे सारखेच तुटलेले, फरक फक्त आवाजाचा. तेथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओव्हनबर्ड या लहान गाणाऱ्या पक्ष्याचे नर मोजले गेले. शांत जागी ९२ टक्के नरांना जोडीदारीण मिळाली होती. कॉम्प्रेसरजवळ हे प्रमाण ७७ टक्के होते. नर तेथेही होते आणि गातही होते. गाणे पोहोचत नव्हते, किंवा पोहोचले तरी त्याचा कस लागत नव्हता. शिवाय कॉम्प्रेसरजवळ वसलेल्यांत पहिल्यांदाच विणीला आलेले अननुभवी नर अधिक होते. जाणत्यांनी ती जागा टाळली होती.

मग २०१२ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात एक प्रयोग झाला, ज्याला आम्ही या इतिहासातील निर्णायक क्षण मानतो. बॉइसी येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘लकी पीक’ या डोंगराच्या धारेवर, जेथे रस्ता मुळीच नव्हता, तेथे अर्धा किलोमीटरभर कर्णे बसवले आणि त्यांतून वाहतुकीचा मुद्रित आवाज सोडला. चार दिवस आवाज, चार दिवस शांतता, असा क्रम ठेवला. स्थलांतराच्या काळात पक्षी येथे उतरून खातात, चरबी साठवतात आणि पुढे जातात. झाड तोडले नव्हते, डांबर नव्हते, एकही गाडी नव्हती. रस्त्याचे केवळ भूत होते. अभ्यासकांनीही त्याला ‘भुताचा रस्ता’ अशा अर्थाचेच नाव दिले. कर्णे चालू असताना पक्ष्यांची संख्या पाव हिश्श्याहून अधिक घटली. काही जातींनी ती जागा जवळजवळ पूर्णपणे सोडली.

हाकाऱ्याचे ज्ञान अशा रीतीने २०१३ साली शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

३

यंत्राच्या आवाजाने नेमके काय बिघडते? येथे ‘घाबरून पळणे’ हे उत्तर अपुरे आहे. स्फोटाने प्राणी दचकतात हे खरे, परंतु सततची घरघर कोणाला दचकवत नाही. ती झाकते. अभ्यासक यासाठी ‘ऐकण्याचे क्षेत्र’ ही कल्पना वापरतात. प्रत्येक प्राण्याभोवती एक वर्तुळ कल्पावे, ज्याच्या आत घडलेला हलका आवाज त्याला ऐकू येतो. पार्श्वभूमीचा आवाज केवळ तीन डेसिबलने वाढला की या वर्तुळाचे क्षेत्रफळ निम्मे होते. दहा डेसिबलने वाढला की नव्वद टक्के क्षेत्र नाहीसे होते. माणसाला दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी भासते, त्रासदायक खरी पण सोसण्याजोगी. पाचोळ्यातल्या चाहुलीवर जगणाऱ्या प्राण्याचे मात्र त्याने बहुतांश जगच हिरावले जाते.

मोठ्या कानांची काही वटवाघळे भुंग्यांच्या चालण्याची खसखस ऐकून त्यांना जमिनीवरून टिपतात. जर्मनीतील प्रयोगांत वाहतुकीच्या आवाजात त्यांना भक्ष्य शोधण्यास अधिक वेळ लागला आणि यशही कमी आले. अंधारात उंदराची हालचाल कानाने हेरणाऱ्या घुबडांवरील प्रयोगांतही हेच दिसले. यांपैकी कोणीही भित्रे नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हते, इतकेच.

आणि परिणाम ऐकणाऱ्यापाशी थांबत नाही. न्यू मेक्सिको राज्यातील रॅटलस्नेक कॅन्यन या भागात पिन्यॉन पाइनची राने आहेत आणि तेथेही वायूचे कॉम्प्रेसर आहेत. क्लिंटन फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जो निष्कर्ष मांडला तो प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकणारा होता. गोंगाटाच्या जागी पक्ष्यांच्या जाती कमी होत्या, पण जे पक्षी राहिले त्यांची घरटी अधिक यशस्वी होत होती. कारण अंडी पळवणारा स्क्रब-जे हा पक्षी गोंगाटाला कंटाळून गेलेला होता. यावरून कोणी यंत्राचे आभार मानू नयेत. पिन्यॉनच्या बिया जमिनीत पुरून ठेवण्याचे आणि त्यांतील काही विसरण्याचे कामही हाच स्क्रब-जे करतो. त्या विसरलेल्या बियांतून रान उगवते. तो गेल्यावर बिया उंदरांच्या वाट्याला आल्या, आणि उंदीर बहुतेक बिया खाऊनच टाकतात. २०१२ सालच्या अभ्यासात शांत जागी पिन्यॉनची रोपे गोंगाटाच्या जागेपेक्षा चौपट आढळली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या पाहणीत, जेथील आवाज नंतर बंद झाला होता तेथेही रोपे परतलेली नव्हती.

पाइनला कान नाहीत. तरीही आवाजाने त्याची पुढची पिढी कमी केली. साहित्यात आपण ‘परिसर’ हा शब्द पार्श्वभूमी या अर्थाने सैलपणे वापरतो. त्याचा खरा अर्थ या उदाहरणात दिसतो.

४

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : प्राण्यांना सवय होते. रस्त्याकडेला निवांत चरणारी हरणे, रेल्वेच्या तारांवर बसलेले कोतवाल, शहरातल्या बुलबुलांचे गाणे यांचे दाखले दिले जातात. शेतकऱ्याचाही तसाच अनुभव आहे. नुसता डबा वाजवला तर चार दिवसांनी पाखरे त्याला जुमानत नाहीत. आक्षेप पोकळ नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

सवय होणे आणि किंमत न मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आयडाहोच्याच ‘भुताच्या रस्त्या’वर जे पक्षी निघून गेले नाहीत त्यांना पकडून तोलण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले की राहिलेल्यांपैकी काही जातींची प्रकृती खालावलेली होती. पुढच्या प्रवासासाठी जी चरबी साठायला हवी ती साठत नव्हती. कारण प्रयोगशाळेत उलगडले. आवाजात शत्रूची चाहूल लागत नाही, म्हणून पक्षी वारंवार मान वर करून पाहतो. मान वर असताना चोच दाण्यावर नसते. कानाचे काम डोळ्यांना करावे लागते आणि त्याचा भुर्दंड पोटाला पडतो.

आफ्रिकेतील गॅबन देशाच्या जंगलात तेलाच्या शोधासाठी सुरुंगांचे स्फोट घडवले जात असताना तेथील हत्तींचे आवाज नोंदवले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींनुसार हत्ती तेथून निघून गेले नाहीत. त्यांनी आपला वावर अधिकाधिक रात्रीकडे सरकवला. दिवसा मोजणी करणाऱ्याला हत्ती ‘कमी’ दिसले असते, एकूण मोजणी करणाऱ्याला ‘तितकेच’. दोघांनाही हत्तींचे आयुष्य बदलले आहे हे कळले नसते.

‘सवय झाली’ हा आपला लाडका वाक्प्रचार आहे. तो आपण कारखान्याशेजारच्या वस्तीबद्दलही वापरतो. ज्याला जागा सोडून जाता येत नाही त्याच्या राहण्याला संमती समजण्याची ही रीत आहे.

५

आता आपल्या घराकडे वळू. कायदा या बाबतीत काय म्हणतो? भारतात २००० सालचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम लागू आहेत. त्यांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चार प्रकारचे विभाग कल्पिलेले आहेत. शांतता विभागात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि हा विभाग प्रामुख्याने रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा आहे. या चारांत अरण्य नाही. शांततेची गरज कोणाला, तर रुग्णाला, विद्यार्थ्याला आणि न्यायाधीशाला, असे या नियमांचे गृहीत आहे. हॉथॉर्नने जे वहीत लिहिले तेच दीडशे वर्षांनी नियमाच्या भाषेत उतरले : आवाज म्हणजे माणसाच्या स्वास्थ्यातील व्यत्यय.

अपवाद घडत आहेत, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकातील बंडीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ सालापासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत वाहतुकीला बंद करण्यात आला. निर्णयामागचे कारण चाकांखालचे मृत्यू हे होते. परंतु त्यामुळे अरण्याला त्याची रात्रही परत मिळाली. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ४४ वर पेंचच्या जंगलात, महाराष्ट्राच्या हद्दीत, प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवण्यात आल्या. २०१९ साली तेथील कॅमेऱ्यांत वाघासह अठरा जातींचे प्राणी त्या वाटा वापरताना टिपले गेले. याच महामार्गाच्या मध्य प्रदेशातील भागात आवाज आणि प्रकाश अडवणाऱ्या भिंतीही उभारल्या गेल्या. आवाज हीसुद्धा अडवण्याजोगी वस्तू आहे, ही मान्यता आमच्या मते त्या भिंतींहून मोठी आहे.

दुसरे एक दृश्य ताडोबात किंवा पेंचमध्ये गेलेल्या कोणालाही आठवेल. जिप्सीतला गाइड एकाएकी हात वर करतो आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगतो. ‘कॉल’ ऐकायचा असतो : चितळाचा, सांबराचा, वानराचा. वाघ कोठे आहे हे त्या इशाऱ्यांवरून कळते. म्हणजे वाघ पाहावयाचा तरी यंत्र थांबवावे लागते, हे पर्यटनाचा व्यवसायही जाणतो. मग ज्यांचे जगणे-मरणे त्या ‘कॉल’वर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी इंजिन कोणी बंद करावयाचे?

मराठी साहित्याला हे कान नव्हते असे मुळीच नाही. व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ ही कादंबरी आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत अरण्याचे शब्द गोळा केले, २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले आणि २०२५ साली ते आपल्यातून गेले. उणीव आहे ती आमच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, परिभाषेत. ‘नीरव अरण्य’, ‘निःशब्द वनश्री’ असे शब्द आम्ही वर्गात निसर्गचित्रणाची प्रशंसा करताना सहज वापरतो. वस्तुतः जिवंत अरण्य नीरव नसते. ते इशाऱ्यांनी, आर्जवांनी, पिलांच्या आणि आयांच्या हाकांनी भरलेले असते. आपल्याला जी शांतता वाटते ती त्यांच्या बोलण्यासाठी मोकळी राहिलेली जागा असते.

आपल्या भाषेत ‘हाका’ या एकाच रूपाचे दोन अर्थ आहेत. एक हाका म्हणजे रान उठवणारा गलका. दुसऱ्या हाका म्हणजे एकाने दुसऱ्याला घातलेल्या सादा. पहिल्याने दुसऱ्या बुडवल्या, एवढाच या इतिहासाचा सारांश आहे. अरण्यातून जाणाऱ्या नव्या रस्त्याचा किंवा खाणीचा आराखडा आपल्यासमोर येईल तेव्हा किती झाडे पडणार हे आपण विचारतोच. किती ऐकू येईनासे होणार, हाही प्रश्न त्याच यादीत लिहिला जावा.